नुकसानीची यादी

जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला घरात एक वेगळाच मान असतो. लग्नकार्यात त्याला कुणी विचारणार नाही, मुलीचे स्थळ बघायला जाताना त्याला टाळतील. पण एकदा का अर्ज भरायचा असला, की त्याच्यावाचून पान हलत नाही. रेशनकार्डापासून विम्याच्या दाव्यापर्यंत आमच्या घराण्यातले सगळे कागद माझ्या हातून गेले आहेत. रेल्वेत हरवलेली ट्रंक, गारपिटीत झोपलेला हरभरा, पुरात वाहून गेलेली शेळी, अशा नाना नुकसानींची भरपाई मी दुसऱ्यांसाठी मागितली आहे. पैसे क्वचित मिळाले. मात्र एक गोष्ट त्या अर्जांनी मला शिकवली. भरपाईच्या अर्जात सगळ्यांत अवघड रकाना रकमेचा नसतो. अवघड असतो तो ‘काय काय गेले’ हा रकाना. तो भरायला बसले की माणूस गप्प होतो.

असा एक अर्ज १९९२ साली माझ्यापुढे आला. आला तो थेट संयुक्त राष्ट्रसंघाकडून, म्हणजे माझ्या कारकुनीच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा साहेब!

अर्ज माझ्या भाच्याचा होता. थोरल्या बहिणीचा मुलगा. अंबाजोगाईला लहानाचा मोठा झाला, वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करण्याचे काम शिकला आणि कुवेतला गेला. पाच वर्षे बरी चालली होती. २ ऑगस्ट १९९० रोजी पहाटे इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले आणि त्याची नोकरी, खोली, शिल्लक सगळे एका दिवसात हवेत गेले. त्या वेळी कुवेतमध्ये दीड लाखाहून अधिक भारतीय होते. दुकाने लुटली गेली, बँका बंद पडल्या. ज्या कुवेती दिनारची ऐट आमच्या बहिणीने आळीभर सांगितली होती, तो दिनार इराकने आपल्या दिनारच्या बरोबरीला आणला आणि मग चलनातूनच काढून टाकला.

भाचा निघाला तो एक बॅग घेऊन. बसने बसरा, तिथून बगदाद, तिथून वाळवंट तुडवत जॉर्डनची सीमा. सीमेवर तंबूंत काही दिवस काढले. पाण्यासाठी रांग, भाकरीसाठी रांग, नाव लिहून घेण्यासाठी रांग. मग अम्मान, आणि अम्मानहून मुंबई. त्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात एअर इंडियाने सुमारे ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून १ लाख ११ हजारांहून अधिक लोकांना घरी आणले. त्या गर्दीत हा एक. विमानतळावर त्याला घ्यायला मी गेलो होतो. मला बघून तो रडला नाही की हसला नाही. “मामा, हत्यारांची पेटी तिथंच राहिली,” एवढेच म्हणाला.

युद्ध १९९१ च्या आरंभी संपले. सुरक्षा परिषदेने ३ एप्रिल १९९१ रोजी ६८७ क्रमांकाचा ठराव केला आणि कुवेतवरच्या आक्रमणामुळे झालेल्या प्रत्यक्ष नुकसानीला इराक जबाबदार आहे असे ठरवून टाकले. दावे तपासण्यासाठी जिनिव्हात एक आयोग बसला. पूर्वीच्या युद्धांत हरलेला राजा जिंकलेल्या राजाला खंडणी देई. व्हर्सायच्या तहातही १९१९ साली हिशेब झाला तो मुख्यतः सरकारा-सरकारांतला. या आयोगाने मात्र साध्या माणसांचे दावे आधी आणि कंपन्यांचे व सरकारांचे मागून, असा क्रम लावला. अर्ज ज्याने त्याने आपल्या सरकारमार्फत करायचा. त्यासाठी दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयात एक खास कुवेत कक्ष उघडला होता. ज्यांना सरकारच नव्हते, उदाहरणार्थ कुवेतमधून परागंदा झालेले कितीतरी पॅलेस्टिनी, त्यांचे अर्ज राष्ट्रसंघाच्याच संस्थांनी पुढे केले.

मी माझ्या सवयीप्रमाणे नियम नीट वाचून काढले. दाव्यांचे सहा वर्ग होते. पहिला, ‘ए’ वर्ग, फक्त त्यांच्यासाठी, ज्यांना २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ या काळात इराक किंवा कुवेत सोडून निघावे लागले. नुकसान किती झाले हे विचारायचेच नाही. निघालात एवढे दाखवा आणि कोणत्या तारखेला ते दाखवा, पुरे. एकट्या माणसाला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,००० डॉलर. आणि दुसऱ्या कोणत्याही वर्गात दावा करणार नाही असे लिहून दिले, तर एकट्याला ४,००० आणि कुटुंबाला ८,०००. दुसरा वर्ग जखमी झालेल्यांचा आणि मेलेल्यांच्या वारसांचा. तिसऱ्या, ‘सी’ वर्गात एक लाख डॉलरपर्यंतचे वैयक्तिक नुकसान: सामान, पगार, बँकेतले पैसे, इतकेच काय, मनाला झालेला क्लेशसुद्धा. मनस्तापाला रकाना असलेला अर्ज मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला!

मला विशेष कौतुक वाटले ते ‘ए’ वर्गाचे. पळून आलेल्या माणसाकडे पावत्या मागणे हा क्रूरपणा आहे, हे कुणाच्या तरी ध्यानात आले होते. नऊ लाखांहून अधिक अर्ज या एकाच वर्गात आले. एकेकाची जबानी घेत बसले असते तर शतक उलटले असते. म्हणून विमान कंपन्या, वकिलाती, सीमेवरच्या छावण्या यांनी लिहून ठेवलेल्या याद्या यंत्रात घातल्या आणि अर्जातले नाव त्या यादीत सापडते का ते पाहिले. वाळवंटातल्या रांगेत उभे राहून नाव सांगताना भाच्याला वाटले होते, हे कशाला? त्याच नावाला पुढे मोल आले.

आता प्रश्न हा, की ४,००० घेऊन गप्प बसायचे, की २,५०० घेऊन वर ‘सी’ वर्गाचा दावा करायचा? बहीण म्हणाली, “यादी कर बाबा. दोन महिन्यांचा पगार, दूरदर्शन संच, टेप, हत्यारं, सगळं मांड.” भाचा म्हणाला, “मामा, माझ्याकडं एक चिठोरं नाही. दाखवू काय?” अशी हुज्जत आमच्या पुण्याच्या घरी चालली असताना, कोपऱ्यात वाती वळत बसलेली माझी आई म्हणाली,

“एवढं विचारतात का रे आता?”

“विचारतात ना, आई.”

“मग माझंही लिही.”

आम्ही सगळे हसलो. आई हसली नाही. तिने वातींची परडी बाजूला ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. “बैलजोडी एक. पेवातली जोंधळ्याची पोती बावीस. तांब्याचा हंडा, त्याच्यावर माझ्या बापाचं नाव. पाळणा. तुझ्या बापाची दौत.”

ती बोलत होती १९४८ सालाबद्दल, आणि युसूफ वडगावबद्दल.

आमचे गाव बीड जिल्ह्यातले, केज तालुक्यातले. तेव्हा तो निजामाचा मुलूख. मांजरा ओलांडून कळंबला जायचे, पुढे येरमाळा, आणि बार्शी आली की हिंदुस्थान लागायचा. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण आमचा नाही. निजाम सरकारने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारताशी ‘जैसे थे’ करार केला आणि वर्ष तसेच लोंबकळत राहिले. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांचा जोर वाढला. गावेच्या गावे रात्रीतून सीमेपलीकडे निघू लागली. बार्शी, सोलापूर, अहमदनगर या बाजूंना मराठवाड्यातली माणसे मिळेल तिथे राहिली. मी तेव्हा आठ वर्षांचा. वैशाखात नदीला पाणी नव्हते, म्हणून त्याच महिन्यात वडिलांनी गाडी जुंपली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या होत्या, एवढे मला आठवते. बिनआवाजाची बैलगाडी मी त्यापूर्वी पाहिली नव्हती.

बार्शीला पोहोचल्यावर पहिला धक्का बसला तो पैशाचा. आमच्या गाठीला हाली शिक्क्याचा रुपया, आणि बाजारात चाले कळदार. सात हाली रुपये तेव्हा कुठे सहा कळदार! आईने दर रुपयामागे आपल्याला कोण लुटतो आहे हे शोधण्यात पहिले आठ दिवस घालवले. भाच्याच्या दिनारची गोष्ट ऐकताना तिने मान डोलावली ती उगीच नाही. पुढे चारा घेणे परवडेना, तेव्हा बैल विकले. ज्याने घेतले त्याला आमची अडचण ठाऊक होती आणि किंमतही त्याने अडचणीचीच दिली.

घराची किल्ली आईने शेजारच्या बी-अम्माकडे दिली होती. त्यांचा बांगड्यांचा धंदा. गावातल्या प्रत्येक लेकीसुनेचा हात त्या माउलीच्या हातात कधी ना कधी गेलेला. “तुम जाव, मैं देखती,” असे ती म्हणाल्याचे आई नेहमी सांगे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैद्राबाद संस्थानात शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. आज तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो, आणि पाळावा असाच तो दिवस आहे. दसरा बार्शीला करून आम्ही दिवाळीच्या तोंडावर वडगावला परतलो. घराला कुलूप जसेच्या तसे होते. पेव मात्र उपसलेले. कुणी उपसले ते आजवर कळले नाही आणि कळून उपयोगही नव्हता. किल्ली आणून दिली ती माली पाटलाने. बी-अम्मा, तिचा मालक, दोन मुलगे, कुणीच गावात नव्हते. सप्टेंबरच्या शेवटी ती मंडळी रातोरात निघून गेली होती. त्यांच्याही गाडीला घुंगरू नसेल.

त्या आठवड्यांत काय घडले ते आमच्या पिढीने कुजबुजत ऐकले. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार वगैरे मंडळी १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानभर फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ लागल्याचे त्यांनी लिहिले आणि मेलेल्यांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या घरात धरला. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही; २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांना वाचायला मिळू लागला. म्हणजे त्यांची यादी झाली खरी, पण ती कपाटात राहिली.

तर, आईचे लिहायचे कुठे? मी तिला कायदा समजावून सांगू लागलो. फाळणीनंतर आपल्या सरकारने विस्थापितांसाठी १९५० साली दाव्यांचा कायदा केला, १९५४ साली भरपाई आणि पुनर्वसनाचा केला. सिंध-पंजाबातून आलेल्यांनी तिथे सोडलेल्या घरादाराचे, जमिनीचे दावे मांडले. ते तपासले गेले आणि पुरे नाही तरी काही अंशी पदरात पडले. कल्याणजवळ उल्हासनगर उभे राहिले ते त्याच लोकांच्या वस्तीतून. पण त्या कायद्यात विस्थापित कोण? तर जो भाग पाकिस्तानात गेला तिथून आलेला. वडगावहून बार्शीला गेलेला माणूस त्या व्याख्येत बसत नव्हता. आम्ही देशातून देशात गेलो होतो. फक्त मधली सीमा चार महिन्यांनी पुसली गेली. आणि बी-अम्मा? सीमा पुसल्यावर ती गाव सोडून गेली. तिला तर सीमाही लाभली नाही.

पुढे मुक्तिसंग्रामात ज्यांनी भाग घेतला त्यांना मानधन मिळाले आणि ते योग्यच झाले. पण तो मान लढणाऱ्यांचा. पळालेल्यांना कोण विचारणार? शिवाय आमच्या बीड जिल्ह्यात खोट्या स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण एवढे गाजले, की ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोंद वेळेवर झाली नाही म्हणजे असे होते. खरा माणूस पुराव्यावाचून घरी बसतो आणि खोट्याला पुरावा मिळतो.

आईला यातले किती पटले कोण जाणे. ती म्हणाली, “बरं, पैसे नको. नुसतं लिही.” मी एक कोरा ताव घेतला आणि लिहीत गेलो. बैलजोडी, बावीस पोती, हंडा, पाळणा, दौत. मग ती थांबली आणि म्हणाली, “आता तिचं लिही. बांगड्यांच्या दोन पेट्या. शेळ्या तीन. शिवणाचं यंत्र, ते नवंच होतं. दारातला लिंब आमच्या दोघींचा; तो अर्धा तिच्याकडं मांड.” चव्वेचाळीस वर्षांनी शेजारणीच्या शेळ्या तिला मोजून आठवत होत्या.

ताव भरल्यावर तिने आणखी एक प्रश्न विचारला आणि माझी कारकुनी तिथे संपली. “ह्या पोराला पैसे देणार कोण?” मी म्हणालो, “इराक देणार. त्यांच्या तेलाच्या विक्रीतून कापून घेणार.” “मग तिथल्या पोराबाळांनी खायचं काय?”

प्रश्न रास्त होता. इराकवर आर्थिक बंदी होती, तेल विकता येत नव्हते आणि तिथे औषधावाचून, अन्नावाचून लोकांचे हाल चालले होते. शेवटी ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ या योजनेखाली १९९६ च्या डिसेंबरात तेल बाहेर पडू लागले. त्या पैशातला ३० टक्के वाटा आयोगाच्या भरपाई निधीकडे वळवला जाई. पुढे तो २५ आणि नंतर ५ टक्क्यांवर आला. म्हणजे माझ्या भाच्याची हत्यारांची पेटी भरून दिली ती बगदादच्या एखाद्या संसाराच्या ताटातून. ज्याने आक्रमण केले त्याच्या ताटातले काही कमी झाल्याचे ऐकिवात नाही. भरपाईत न्याय आहे, पण तो ज्याच्या खिशातून निघतो तो नेहमी गुन्हेगारच असतो असे नाही, हे आईला नियम न वाचता कळले होते.

अर्ज अखेर ४,००० डॉलरचाच केला. भाच्याचे म्हणणे, “निघालो एवढं खरं आहे, तेवढंच सांगू.” पैसे यायला कित्येक वर्षे लागली आणि तेही हप्त्यांनी आले. त्यात त्याने अंबाजोगाईला दुकानाचा गाळा घेतला आणि हत्यारांची नवी पेटी. बहिणीने सत्यनारायण घातला. जिनिव्हाच्या आयोगाने एकंदर सुमारे २७ लाख दावे निकालात काढले आणि ५२.४ अब्ज डॉलर मंजूर केले. शेवटचा हप्ता कुवेतला १३ जानेवारी २०२२ रोजी पोचता झाला. म्हणजे सात महिन्यांच्या लुटीचा हिशेब एकतीस वर्षे चालला. तो पुरा झाला, कारण हरणाऱ्याच्या जमिनीत तेल होते. ज्या युद्धात हरणारा फाटका असतो, किंवा जिंकणाऱ्यालाच हिशेब नको असतो, तिथल्या माणसांना असा आयोग मिळत नाही.

तरीही यादीचे महत्त्व जगाला हळूहळू पटते आहे असे दिसते. रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतर युरोप परिषदेने २०२३ साली हेग येथे नुकसानीची एक नोंदवही उघडली आणि एप्रिल २०२४ पासून लोकांचे अर्ज घ्यायला सुरुवात केली. ती नोंदवही स्वतः कुणाला एक पैसा देत नाही. पैसे कुणी, कधी, कशातून द्यायचे हा पुढचा प्रश्न. पण घर गेले, गाव सुटले, हे आधी लिहून ठेवा, असे ती म्हणते. आईचे तरी म्हणणे दुसरे काय होते?

आई गेली त्यालाही आता बरीच वर्षे झाली. बी-अम्माचा शोध मी माझ्यापरीने घेतला. कुणी हैद्राबाद म्हणाले, कुणी कराचीकडे बोट दाखवले; हाती काही लागले नाही. तो ताव माझ्याकडे आहे. त्याला मुद्रांक नाही, आवक-जावक क्रमांक नाही, आणि कोणत्याही कचेरीत तो कुणी स्वीकारणार नाही. दर दिवाळीच्या आवराआवरीत सौभाग्यवती तो कपाटातून काढून “हा ठेवायचा ना?” असे विचारतात, आणि मी ठेवायचा म्हणतो. नातू आता वाचता येऊ लागल्यापासून त्यातले ‘पेव’ म्हणजे काय ते विचारतो. ‘बी-अम्मा’ कोण तेही विचारतो. सांगायला बसलो की तास जातो.

वाचकांपैकी कितीतरी घरांत असे कुणी असेल, ज्याने कधी ना कधी अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडले. कुणी कराचीहून आले, कुणी ब्रह्मदेशातून पायी आले, कुणी आमच्यासारखे नुसती एक नदी ओलांडून आले. सणाच्या दिवसांत सारी मंडळी एकत्र असतात. फराळ झाला की एक वही घ्यावी, वडीलधाऱ्यांजवळ बसावे आणि काय काय गेले ते विचारावे. आधी ते म्हणतील, जाऊ दे, झाले ते झाले. थोडे थांबावे. मग एखादा हंडा आठवेल, त्यावरचे नाव आठवेल. ते जसे सांगतील तसे उतरून घ्यावे, आणि शेजारचे काय गेले तेही विचारायला विसरू नये.